फोन कोणाच्या नावावर?

माझी वहिनी रागावत नाही, म्हणून तिच्या वाटणीचंही मीच रागावते. ही वाटणी आमच्या घरात कधी झाली ते कुणाला आठवत नाही, पण पाळली मात्र काटेकोरपणे जाते. तिला कुणी काही बोललं की ती भुवई उचलते, "असं होय," म्हणते आणि कामाला लागते. तळपायाची आग मस्तकात जाते ती माझ्या. तेव्हा ही हकीकत मी शांतपणे सांगेन अशी अपेक्षा कुणी ठेवू नये.

वहिनी म्हणजे माझ्या थोरल्या भावाची, दादाची बायको. लग्नाआधी ती एका कंपनीत दिवसभर संगणकावर माहिती भरायची. मग मुलं झाली आणि नोकरी सुटली. "सुटली" असं आमच्याकडे म्हणतात, हातातून बशी सुटते तसं. मुलं मोठी होऊन आपापल्या वाटेला लागल्यावर, चाळिशी उलटून गेलेली असताना, तिने डेटाबेसचा अभ्यासक्रम पुरा केला. निकाल लागला त्या दिवशी दादा म्हणाला, "बरं झालं, तुझा वेळ जाईल." मी ताटावरून उठणार होते. वहिनी म्हणाली, "असं होय," आणि त्याला आमटी वाढली.

तिची एक सवय सांगायला हवी. नळ दुरुस्त करायला माणूस आला की ती त्याला आधी पूर्ण नाव विचारते. कुरिअरवाल्याला विचारते, वरच्या मजल्यावर कामाला येणाऱ्या बाईंना विचारते. आणि लक्षात ठेवते. मी लोकांना नावं ठेवते आणि ती लोकांना नावं विचारते, असं बाबा म्हणतात. त्यात तथ्य आहे.

मी एका क्लिनिकच्या लॅबमध्ये काम करते. लोकांचं रक्त काढते, तपासते, रिपोर्ट लिहिते. क्लिनिक बरंच मोठं आहे, तीन-चार डॉक्टर बसतात, पण मालक एकच. त्यांना सगळे नुसतं "सर" म्हणतात. काउंटर सांभाळतो व्यवस्थापक. त्याचं नाव मी "फटाफट" ठेवलंय, कारण त्याचं प्रत्येक वाक्य तिथूनच सुरू होतं. फटाफट फॉर्म भरा, फटाफट बाजूला व्हा. या फटाफटने काउंटरवर एक रीत पाडून ठेवली होती. आलेल्या माणसाला नाव विचारायचंच नाही. "नंबर सांगा," म्हणायचं. फोन नंबर. आणि पाळी आली की त्याचे शेवटचे तीन आकडे ओरडायचे. "सात-तीन-दोन." मग एकाच घरातले तिघं उठून उभे राहायचे आणि एकमेकांकडे बघायचे. आमच्या घरचा आकडा पुकारला की बाबा उठायचे, आजारी कुणीही असो.

सरांना क्लिनिकचं अ‍ॅप हवं होतं. घरून वेळ घेता यावी, रिपोर्ट फोनवर दिसावेत, डॉक्टरांना पडद्यावर पेशंटचा सगळा इतिहास दिसावा. मी वहिनीचं नाव सुचवलं. सर म्हणाले, "घरचंच माणूस आहे, चांगलंच आहे." घरचं माणूस म्हटलं की पुढे काय होतं ते मला माहीत असायला हवं होतं.

वहिनीकडे लॅपटॉप होता तो मुलाने टाकून दिलेला. झाकण उघडलं की पंखा घरघरायचा. म्हणून तिने सगळं काम क्लाउडवर मांडलं. ब्राउझर उघडायचा, लॉगिन करायचं, की दूर कुठल्याशा सर्व्हरवरची एक जागा समोर येते. अ‍ॅप तिथेच लिहायचं, तिथेच चालवायचं, डेटाबेसही तिथेच. तुमच्याजवळ फक्त खिडकी. ती जागा क्लिनिकच्या खात्यावर उघडलेली होती, म्हणजे किल्ल्या फटाफटकडे, आणि त्याने वहिनीला आत बोलावलेलं. बाबा येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायचे, "आमची सून हल्ली ढगात असते, चहा मलाच करावा लागतो."

मी एका सुट्टीच्या सकाळी दादाकडे गेले तेव्हा जेवणाच्या टेबलावर एका टोकाला आई मटार सोलत बसली होती आणि दुसऱ्या टोकाला वहिनी पेशंटचा तक्ता मांडत होती. नमुन्याला एक माणूस हवा होता.

"आई, तुमचं पूर्ण नाव सांगा," वहिनी म्हणाली.

"माझं कशाला? यांचं लिही की."

"बाबांचं दुसऱ्या ओळीत घेते. आधी तुमचं."

आईने शाळेत हजेरी देतात तसं हळू आवाजात आपलं नाव सांगितलं. वहिनीने टाइप केलं. मग वय, रक्तगट. मग अ‍ॅलर्जी. आईला पेनिसिलिनच्या जातीचं औषध चालत नाही. फार वर्षांपूर्वी तसल्या एका गोळीने तिचा चेहरा आणि घसा असा सुजला होता की श्वास घेता येईना. आम्ही भावंडं तेव्हा दवाखान्याच्या बाकड्यावर एकमेकांचे हात धरून बसलो होतो. वहिनीने तो रकाना भरला आणि त्यावर लाल खूण येईल अशी सोय केली.

"आता कुठेही गेलात तरी सांगत बसायला नको," ती आईला म्हणाली. "डॉक्टरांना आपोआप दिसेल."

"फोन नंबर?" तिने पुढे विचारलं.

"आमचा एकच आहे ना," आई म्हणाली. "यांच्याकडे असतो."

वहिनीचा हात थांबला. मग तिने फोनचा रकाना पेशंटच्या तक्त्यातून काढून टाकला आणि फोनसाठी वेगळाच तक्ता केला. कुठला फोन कुठल्या माणसापर्यंत पोचतो, एवढंच सांगणारा तिसरा तक्ता मधे घातला. प्रत्येक माणसाला डेटाबेसने स्वतःचा एक क्रमांक द्यायचा, जो दुसऱ्या कुणाला मिळणार नाही आणि कधी बदलणार नाही. आई एक. बाबा दोन.

"एवढं कशाला?" मी विचारलं. "नंबर म्हणजे माणूस, असंच तर काउंटरवर चालतं."

"म्हणूनच," ती म्हणाली. "फोन ही वस्तू आहे. आज बाबांकडे, उद्या हरवेल, परवा मुलगा वापरेल. माणसाची ओळख वस्तूवर ठेवायची नाही. आणि एका फोनवर चार माणसं असली, तर रिपोर्ट कुणाच्या हातात पडणार हेही कळायला हवं." म्हणून फोनच्या तक्त्यात तिने एक रकाना जोडला. फोन कोणाच्या नावावर आहे. कुणा बाईचा खासगी रिपोर्ट नवऱ्याच्या किंवा सासऱ्याच्या फोनवर जाण्याआधी तिला विचारलं जावं, एवढाच हेतू. तो रकाना लक्षात ठेवा. पुढे सगळं त्यावरून झालं.

अ‍ॅप सुरू झालं त्या दिवशी क्लिनिकमध्ये छोटा समारंभ झाला. सरांनी फोटोसाठी स्वतःचीच नोंद आधी करून दाखवली. वहिनी माहिती भरत होती.

"फोन कोणाच्या नावावर, सर?"

"मिसेसच्या. अहो, क्लिनिकच तिच्या नावावर आहे, फोनचं काय घेऊन बसलात." सगळे हसले. त्याच फोनवर त्यांच्या मिसेसचीही नोंद झाली.

मग सरांनी भाषण केलं. फटाफटच्या दूरदृष्टीचं कौतुक झालं. काउंटरवरच्या मुलींचं झालं. नव्या पडद्यांचंही झालं. वहिनीचा उल्लेख "आपल्या लॅबमधल्या ताईंच्या वहिनी, ज्यांनी थोडी मदत केली" असा झाला. थोडी मदत. भिंती तिने बांधल्या, छप्पर तिने घातलं, आणि ही म्हणे सामान उचलू लागली. मी उठून काही बोलणार तेवढ्यात वहिनीने टेबलाखालून माझा पाय दाबला. जोरात दाबला.

फटाफटला मात्र एक गोष्ट खुपत होती. नंबर टाकला की पडद्यावर चार नावं यायची आणि कोण आलंय ते विचारून त्यातलं एक निवडावं लागायचं. म्हणजे माणसाला नाव विचारणं आलं. त्याने वहिनीला सांगितलं, "एका नंबरला एकच पेशंट दिसला पाहिजे. दुबार नोंदी आहेत सगळ्या."

"दुबार नाहीत," वहिनी म्हणाली. "ती वेगवेगळी माणसं आहेत."

"ताई, तुम्ही फार खोलात जाता."

"खोलात गेल्याशिवाय विहीर होत नाही. हे मी बदलणार नाही."

आणखी एक गोष्ट तिने मागितली होती. खऱ्या पेशंटचा डेटाबेस वेगळा आणि प्रयोग करायचा वेगळा, अशा दोन जागा हव्यात. फटाफट म्हणाला, फटाफट एकावरच उरकू, दोन कशाला सांभाळायच्या. काम पुरं झालं, ताबा दिला, आणि त्याने वहिनीचं लॉगिन बंद केलं. "आता तुम्हाला त्रास नको," असं गोड बोलून.

पुढची गोष्ट मी सांगते तशी ऐका, कारण ती सांगताना माझा आवाज चढतो आणि मग लोकांना धागा सापडत नाही.

आईला खोकला झाला, ताप होता. बाबा तिला क्लिनिकमध्ये घेऊन गेले. मी त्या दिवशी रजेवर होते. बदली डॉक्टर बसले होते. काउंटरवर नंबर विचारला, बाबांनी सांगितला, सात-तीन-दोनची पाळी आली, दोघं आत गेले. डॉक्टरांच्या पडद्यावर बाबांचं नाव होतं. समोर बाई बसलीय आणि पडद्यावर पुरुषाचं नाव आहे, हे त्या शिकल्यासवरल्या माणसाला दिसलं. त्याने काउंटरला फोन करून विचारलंही. काउंटरवरून उत्तर आलं, "हो हो, तेच कुटुंब आहे." कुटुंबाला खोकला होत नाही, डॉक्टर. पण त्याने पडद्यावर वाचलं: अ‍ॅलर्जी नाही. आणि गोळ्या लिहून दिल्या.

घरी आल्यावर गोळ्यांचं पाकीट जेवणाच्या टेबलावर पडलं होतं, लॅपटॉपशेजारी. जेवण झालं की पहिली गोळी घ्यायची होती. आईने पाण्याचा पेलाही भरून ठेवला होता. वहिनी ताटं मांडता मांडता थांबली, तिने पाकीट उचललं, मागचं नाव वाचलं आणि ते सरळ आपल्या खिशात टाकलं.

"आई, डॉक्टरांना सांगितलं नाहीत?"

"तूच म्हणाली होतीस ना," आई म्हणाली. "सांगत बसायला नको, संगणकात आहे."

वहिनी आत गेली. मी तिला रडताना फारसं पाहिलेलं नाही. त्या दिवशीही कुणी पाहिलं नाही, कारण तिने दार लावून घेतलं. बाहेर आली ती तोंड धुऊन, आणि मला फोन केला. "उद्या गेलीस की काउंटरच्या पडद्यावर पेशंटची यादी उघड. पहिल्या क्रमांकावर कोण आहे तेवढं बघ."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी बघितलं. यादी दोनपासून सुरू होत होती.

एक क्रमांक नव्हता. दोन होते, माझे बाबा. पुढे तीन, चार, पाच नव्हते. सहा होते. मी यादी खाली सरकवत गेले तशी मधली भगदाडं दिसू लागली, आणि उरलेली नावं वाचत गेले तसे माझे कान तापले. नाव पुरुषाचं, नाव पुरुषाचं, नाव पुरुषाचं. मधे एखादी नोकरी करणारी बाई, एखादी एकटी राहणारी. बायका, पोरं, म्हातारीकोतारी, अर्धी वस्ती नाहीशी झालेली. मधुमेहाच्या ज्या आजींचं रक्त मी दर महिन्याला काढते, ज्यांची शीर सापडत नाही म्हणून मी त्यांच्याशी गप्पा मारत बसते, त्या आजी नव्हत्या. त्यांचा जावई होता.

फटाफट शेजारीच उभा होता. मी विचारलं, हे काय झालं. वाटलं तो हात झटकेल, सर्व्हरवर खापर फोडेल. तो चक्क अभिमानाने सांगायला लागला.

"मीच साफ केलं. तुमच्या वहिनींनी फार पसारा करून ठेवला होता हो. त्या क्लाउडच्या जागेत आता साध्या भाषेत सांगितलं की काम होतं. मी लिहिलं, एका नंबरला एकच माणूस ठेव, ज्याच्या नावावर फोन आहे तो. बाकीचे दुबार काढून टाक. फटाफट झालं. आता बघा किती सुटसुटीत दिसतं."

सुटसुटीत. माझी आई घरात पाण्याचा पेला भरून बसली होती आणि हा म्हणतोय सुटसुटीत. मी त्याला काय काय बोलले ते इथे लिहीत नाही. काउंटरवरच्या मुली अजून त्यातले दोन-तीन शब्द वापरतात.

वहिनी तासाभरात क्लिनिकमध्ये आली आणि आम्ही दोघी सरांच्या केबिनमध्ये गेलो. फटाफटही आला. वहिनीने झालं ते सांगितलं, गोळ्यांचं पाकीट टेबलावर ठेवलं, आणि म्हणाली, "ज्या कंपनीचा डेटाबेस आपण वापरतो, ती मागच्या काही दिवसांची स्थिती जपून ठेवते. त्यातून जुनी प्रत काढून गेलेली माणसं परत आणता येतात, नव्या नोंदींना धक्का न लावता. पण ती मुदत या आठवड्याच्या शेवटी संपते. मला आत जाऊ द्या. मुदत संपली की ती माणसं कायमची गेली."

सरांनी पाकीट उलटसुलट करून बघितलं. "आईंनी घेतली नाही ना गोळी? मग झालं तर. बघू आपण, पुढच्या आठवड्यात बसू."

"पुढच्या आठवड्यात बसून उपयोग नाही," वहिनी म्हणाली.

"पण एवढी माहिती एका झटक्यात जाते कशी?" सरांनी विचारलं. "तुम्ही बांधलेलं इतकं कच्चं कसं?"

इथे तिने जे केलं त्याबद्दल मी तिच्याशी अजून भांडते. ती म्हणाली, "त्यात माझी चूक आहे. सुरुवातीला चाचणीसाठी खोटे पेशंट भरले होते. ते पटकन झाडून टाकता यावेत म्हणून, पेशंटची ओळ काढली की त्याच्या भेटी, रिपोर्ट, अ‍ॅलर्जी, सगळं आपोआप निघेल असं केलं होतं. ताबा देण्याआधी ते बंद करायला हवं होतं. ज्याची एकही भेट नोंदली आहे तो पेशंट काढताच येऊ नये, असं कुलूप मी लावायला हवं होतं. राहून गेलं."

मला वाटलं तिच्या तोंडावर हात ठेवावा. सरांचा चेहरा लगेच खुलला. "म्हणजे चूक तुमची," ते म्हणाले. फटाफटने मान डोलावली. दुसऱ्याचं घर पेटवून देणाऱ्याने पाण्याची टाकी लहान होती म्हणून तक्रार करावी, तसा तो मान डोलावत होता. मी म्हणाले, "दार उघडं राहिलं हा तिचा दोष. आत शिरून माणसं बाहेर फेकली ती कुणी?" सर म्हणाले, "ताई, आवाज खाली. आणि काउंटरवर आता खरंच चांगलं चाललंय. लोक खूश आहेत. हे बघा, माझाच नंबर टाकून दाखवतो."

असं म्हणून त्यांनी पडदा आमच्याकडे वळवला आणि मोठ्या ऐटीत स्वतःचा नंबर टाइप केला.

मिसेसचं नाव आलं.

सरांनी चष्मा पुसला. नंबर चुकला असेल म्हणून परत टाकला, एकेक आकडा मोजून. मिसेसचं नाव आलं. त्यांनी स्वतःचं नाव टाकून शोधलं. पडद्याने सांगितलं, असा पेशंट नाही.

"मी कुठे आहे?" सरांनी विचारलं.

मीच उत्तर दिलं, कारण त्यांच्या साखरेच्या तपासण्या मीच करते. "फोन मिसेसच्या नावावर आहे ना, सर. तुम्ही दुबार."

"मी दुबार?"

"सर, ते सिस्टिमने आपोआप..." फटाफट सुरू झाला.

"माझे साखरेचे रिपोर्ट कुठे आहेत? सगळे होते त्यात. डोळ्यांची तपासणी होती." सर उभे राहिले. "हे ताबडतोब परत आणा. आत्ताच्या आत्ता. यांना लॉगिन द्या, बसलात काय."

माझी आई गेली तेव्हा "बघू". त्या मधुमेहाच्या आजी गेल्या, शेजारची पोरं गेली, गरोदर बायकांचे अहवाल गेले, तेव्हा "पुढच्या आठवड्यात बसू". आणि स्वतः गेले तेव्हा आत्ताच्या आत्ता. मी तेवढं मोठ्याने बोलून दाखवलं. सरांनी ऐकू न आल्यासारखं केलं, पण त्यांचे कान लाल झाले.

वहिनी सरांच्याच खुर्चीत बसली, कारण संगणक तिथे होता. लॉगिन झालं. तिने जुन्या वेळेची प्रत काढली, ती आणि आजची यादी शेजारी शेजारी ठेवली, कोण कोण हरवलंय ते डेटाबेसला विचारलेल्या एका प्रश्नात काढलं. सर तिच्या खांद्यामागे उभे होते. "आधी माझं बघा," ते म्हणाले.

"एक क्रमांकापासून येतील, सर," वहिनी मान न वळवता म्हणाली. "तुम्ही बसा."

एक क्रमांक आला. आईचं पूर्ण नाव, वय, रक्तगट, आणि शेवटी ती लाल खूण. वहिनीने त्या ओळीवर बोट ठेवलं, आणि मग बाकीच्यांना आणायला लागली. दुपारपर्यंत सगळे परतले होते, सरही. मधल्या काळात बायकांच्या ज्या भेटी नवऱ्यांच्या नावावर चढल्या होत्या, त्या तिने काउंटरच्या मुलींना बसवून, घराघरांत फोन करून, एकेक करून सोडवल्या. एका आजोबांच्या नावावर बाळंतपणाची तपासणी होती.

आणि मग तिने कुलपं लावली. भेट झालेला पेशंट कुणालाही काढता येणार नाही. प्रयोगाची जागा वेगळी. फटाफटला बघण्याचा आणि भरण्याचा हक्क, पुसण्याचा नाही. सरांनी त्यावर सही केली, पण जाता जाता म्हणाले, "त्याचा हेतू चांगला होता हो." फटाफट आजही त्याच काउंटरवर आहे, हे मला अजून सहन होत नाही. वहिनीला सर "धन्यवाद" म्हणाले की नाही ते मी नीट ऐकलं नाही, आणि कान माझे चांगले आहेत.

संध्याकाळी दादाला सगळं सांगितलं. तो हळहळला, आईच्या शेजारी जाऊन बसला आणि म्हणाला, "आईला उद्याच फोन घेऊन देतो. तिच्या नावावर. प्रश्नच मिटला."

तेव्हा वहिनी रागावली. एवढ्या वर्षांत मी पहिल्यांदा पाहिलं. आवाज चढला नाही, पण हातातलं फडकं तिने टेबलावर टाकलं. "आईंना फोन हवा असेल तर जरूर घ्या. बोलायला घ्या, गाणी ऐकायला घ्या. पण आई आहेत, एवढं सिद्ध करायला त्यांना फोन कशाला हवा?"

बाबा म्हणाले, "चहा मी करतो," आणि आत गेले. माझ्या वाटणीचं काम तिने केलं म्हणून मला बोलायला काही उरलं नाही.

एक शेवटचा बदल तिने कुणाला न विचारता केला होता. काउंटरच्या पडद्यावर आता फोनचा रकाना आधी येत नाही. आधी पूर्ण नाव भरावं लागतं, आणि पाळी आली की पडद्यावर नावच दिसतं, आकडे दिसतच नाहीत. फटाफटने बरीच कुरकुर केली. पण ओरडायला त्याच्यापुढे दुसरं काही राहिलं नाही.

आईला खोकल्यासाठी परत दाखवायचं होतं. वहिनी तिला घेऊन आली, बाबाही आले, आणि मी लॅबमधून बाहेर येऊन त्यांच्या शेजारी बसले. बाकं भरलेली होती. फटाफटने पडद्याकडे बघितलं, कपाळाला आठ्या घातल्या, आणि सगळ्या हॉलला ऐकू जाईल असं आईचं पूर्ण नाव पुकारलं.

कुणी उठलं नाही.

त्याने पुन्हा पुकारलं. आई समोरच्या भिंतीवरचं घड्याळ बघत होती. आयुष्यभर ती कुणाची आई होती, कुणाची बायको, कुणाची काकू, सात-तीन-दोनमधली एक होती. भर लोकांत तिला तिच्या नावाने हाक मारल्याचं तिला आठवतच नव्हतं, मग ती उठणार कशी? आणि मला पुन्हा तोच संताप आला, पण या वेळी कुणावर काढावा ते कळेना, कारण तिच्या नावाने तिला मीही कधी बोलावलेलं नव्हतं. बाबांनी तिला कोपराने ढोसलं. "अगं, तुला बोलावतायत."

आई गडबडीने उठली, पिशवी सावरली, आणि वहिनीकडे वळून हळूच म्हणाली, "माझं नाव यांना कुणी सांगितलं गं?"

"तुम्हीच, आई," वहिनी म्हणाली. "मटार सोलताना."